हाल्डेनबाखचा दुभाष्या

१२ जुलै २०२४, शुक्रवार

आज पुन्हा गळ्यात ओळखपत्र आलं. मार्चमध्ये कंपनीचं कार्ड परत केलं तेव्हा ऊर्मिला म्हणाली होती, "चला, सुटलात एकदाचे." सुटून करायचं काय, हे मात्र तिने सांगितलं नव्हतं. चार महिने मी बाल्कनीतल्या कुंड्यांच्या जागा बदलत होतो. नव्या कार्डावर माझ्या नावाखाली 'डॉल्मेचर' लिहिलंय, म्हणजे दुभाष्या. पंचवीस वर्षं ब्रेकच्या भागांची तपासणी केल्यावर हे पद काही वाईट नाही.

प्रकार असा. आमच्या बॉबलिंगेनपासून अर्ध्या तासावरच्या हाल्डेनबाख गावाचा फुटबॉल क्लब तिसऱ्या लीगमध्ये खेळतो. त्यांनी कोल्हापूरचा बावीस वर्षांचा खेळाडू घेतलाय, सत्यजित. डाव्या बाजूने पुढे खेळतो. महाराष्ट्रातून थेट जर्मनीच्या व्यावसायिक लीगमध्ये आलेला हा पहिलाच, असं क्लबच्या पत्रकात छापलंय. करार एका वर्षाचा, तीस जूनपर्यंत. पुढची दोन वर्षं द्यायची की हातात नारळ द्यायचा, ते एप्रिलमध्ये ठरणार. पोराला मराठी येते, हिंदी येते, इंग्रजी अडल्यानडल्यापुरती. क्लबने मराठी मंडळाकडे माणूस मागितला आणि मंडळाने माझं नाव दिलं, कारण मी गडहिंग्लजचा आणि रिकामा.

विमानतळावर त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. ट्रेनर ब्रेनर शेजारी उभे होते. त्यांना वाटलं काहीतरी पडलंय, म्हणून तेही वाकून शोधायला लागले.

४ ऑगस्ट, रविवार

काल पहिली मॅच. सत्यजितला शेवटची वीस मिनिटं उतरवलं. त्याने दिलेल्या पासवर आमचा गोल झाला आणि एक-एक अशी बरोबरी झाली.

नंतर ड्रेसिंगरूममध्ये ब्रेनर त्याच्यासमोर उभे राहून सगळ्यांच्या देखत दोन मिनिटं बोलले. माणूस पक्का इथला, बोली श्वेबिश, अर्धे शब्द दाढीतच राहतात, पण मला समजतं. म्हणाले, नऊ वर्षं मी इथे आहे, असा डावा पाय माझ्याकडे कधी आला नाही. बाकीचे अजून बघत असतात तोवर याचा चेंडू तिथे पोचलेला असतो. मग म्हणाले, पण हा चेंडू मागत नाही, पाहुण्यासारखा वाढण्याची वाट बघतो. मैदानावर कुणी थोरला नसतो, हे याला समजावा.

मी सत्यजितला सांगितलं, "बरं खेळलास म्हणतायत. अजून मेहनत पाहिजे."

तोंडावर स्तुती केली की पोरं शेफारतात. माझ्या वडिलांनी मला जन्मात कधी शाबास म्हटलं नाही आणि माझं काही अडलं नाही. आणि चुकांचा पाढा पहिल्याच दिवशी वाचला तर परदेशात आलेला पोरगा खचेल. दुभाष्याने नुसते शब्द इकडचे तिकडे करायचे नसतात, माणूस ओळखून बोलायचं असतं.

बाहेर पडताना ब्रेनर हसून मला म्हणाले, "मी दोन मिनिटं बोलतो, तुम्ही एका वाक्यात संपवता. मराठी फारच काटकसरी भाषा दिसते." मी म्हटलं, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. भाषेचं कौतुक झालं की बरं वाटतं.

१५ सप्टेंबर, रविवार

सत्यजित आता दर रविवारी आमच्याकडे जेवायला असतो. ऊर्मिला त्याच्यासाठी मटण करते आणि माझ्यासाठी दुधी. जेवल्यावर मी त्याच्या फोनवर क्लबच्या अॅपमधला साप्ताहिक तक्ता भरून देतो. झोप किती, थकवा किती, वेदना किती, सगळं शून्य ते दहाच्या मापात. सगळं जर्मनमध्ये आहे म्हणून हे काम माझ्याकडे. फिजिओ फ्राऊ केसलर सोमवारी सकाळी ते आकडे बघून कोणाला किती पळवायचं ते ठरवते. कामाची ही पद्धत मला आवडते. आकड्यांशी माझं पूर्वीपासून जमतं.

कालच्या मॅचमध्ये मध्यंतराला ब्रेनर भडकले. आमचा कर्णधार चौतीस वर्षांचा आहे. सत्यजित त्याला 'दादा' म्हणतो आणि त्याच्या पायातून चेंडू काढून घ्यायला धजत नाही. ब्रेनर म्हणाले, "तू घाबरट नाहीस, मग घाबरटासारखा का खेळतोस? तो चुकला तर त्याच्यावर ओरड. तुझा पाय त्याच्यापेक्षा चांगला आहे."

मी सांगितलं, "जरा मोकळा खेळ म्हणतात."

"चिडलेत काय वो काका?"

"नाही रे, त्यांची बोलायची पद्धतच तशी."

आज जेवताना त्याने विचारलं, "काका, मी त्यास्नी आवडतोय का न्हाई, कायच कळंना. तोंड बघून काय अंदाज येत न्हाई बघा." मी म्हटलं, आपण आपलं काम करत राहायचं, साहेबाच्या तोंडाकडे बघायचं नाही. ऊर्मिलाने माझ्याकडे बघितलं आणि त्याला आणखी रस्सा वाढला.

२८ ऑक्टोबर, सोमवार

शनिवारी सत्यजितचा पहिला गोल. पंचवीस मीटरवरून, डाव्या पायाने. कोल्हापुरात त्याच्या पेठेतल्या तालमीसमोर वीस फुटी फलक लागला. त्याचा फोटो आलाय. मधोमध सत्यजित, वर सात नेते, चौदा कार्यकर्ते आणि खालच्या कोपऱ्यात लोकरी टोपी घातलेला मी. खाली 'मार्गदर्शक' असं लिहिलंय. कोणाकडून फोटो मिळवला कोण जाणे. गडहिंग्लजहून चुलतभावाचा बारा वर्षांनी फोन आला.

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात आम्हा दोघांना शाल द्यायची म्हणतात. मी नको म्हटलं. पण एकदाच म्हटलं, म्हणून ठरलं.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

बरेच दिवस लिहिलं नाही. सत्यजित आता पहिल्या अकरात असतो. हिवाळ्याच्या सुट्टीत घरी जाऊन आला. गोल चार, आणि ब्रेनर त्याच्याविषयी बोलताना हातवारे करायला लागलेत.

आज जेवण झाल्यावर तक्ता भरताना मी विचारलं, "वेदना?" तो म्हणाला, "चार लिवा." उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला, करंगळीच्या रेषेत दुखतंय. पळताना कमी, थांबलं की जास्त.

मी त्याला समजावलं. अजून दोन महिन्यांत करार ठरायचाय. या दोन महिन्यांत दुखतंय म्हणणारा माणूस कोणालाही नको असतो. मी नव्याण्णवमध्ये इथे नोकरीला लागलो तेव्हा सहा महिने प्रोबेत्साईट होता, म्हणजे कायम करण्याआधी पारखण्याचा काळ. दुसऱ्याच महिन्यात माझी पाठ गेली. गोळ्या खाऊन चाचणीच्या बाकापाशी आठ-आठ तास उभा राहिलो, कोणाला कळू दिलं नाही आणि सातव्या महिन्यात कायम झालो. माझ्याबरोबर लागलेल्या एका इटालियनने आजारपणाची चिठ्ठी आणली होती, त्याला घरी पाठवलं.

ऊर्मिला ओट्यापाशी होती. म्हणाली, "आणि तेव्हापासून मी तुमची पाठ शेकतेय, तेही सांगा त्याला."

सत्यजित हसला. म्हणाला, "तुम्ही म्हणशीला तसं, काका."

मी एक लिहिलं.

२ मार्च, रविवार

तो म्हणाला पाच. मी दोन लिहिलं. सारखं एकवर ठेवलं असतं तर खोटं वाटलं असतं, थोडा चढउतार दिसायला हवा.

सत्यजित गेल्यावर ऊर्मिला म्हणाली, "अहो, कंपनीत एका केसाच्या फरकाने आख्खा ट्रक परत पाठवायचात तुम्ही. नाताळच्या आदल्या दिवशी पाठवला होतात, तो ड्रायव्हर रडला होता."

मी म्हटलं, ते ब्रेक होते. ती ताटं उचलून आत गेली. तिला मुद्दा पटला असावा.

२३ मार्च, रविवार

शनिवारी जिंकलो. ब्रेनरनी मला बाजूला घेऊन सांगितलं की संचालकांशी त्यांचं बोलणं झालंय, दोन वर्षांचा करार तयार होतोय, एप्रिलच्या मध्याला सह्या. सत्यजितला सांगायला हरकत नाही म्हणाले.

मी सांगितलं नाही. कागदावर येईपर्यंत बोलू नये, दृष्ट लागते म्हणतात. शिवाय ढिला पडेल. सह्यांच्या दिवशी समजलं की आनंद दुप्पट होईल.

तक्त्यात आज तो सहा म्हणाला. मी दोनच ठेवलं. त्याने बर्फाची पिशवी मागितली आणि टीव्हीसमोर पाय वर करून बसला. मग म्हणाला, "काका, त्या फिजिओ बाईला एकदा दावू या का?" मी म्हटलं तीनच आठवडे राहिलेत. तो म्हणाला, "बरं."

६ एप्रिल, रविवार

काल एकसष्टाव्या मिनिटाला तो पडला. आसपास कोणी नव्हतं. वळायला गेला आणि खाली बसला. उजवा बूट दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. चार जणांनी उचलून नेला.

रात्री ऊर्मिला त्याच्याजवळ हॉस्पिटलमध्ये थांबली. मी डॉक्टरचं म्हणणं सांगून घरी आलो. पावलाच्या बाहेरच्या बाजूचं लांब हाड तुटलंय. पाच-सहा महिने. डॉक्टर म्हणाला की हे काल तुटलेलं नाही. आधी चीर होती, ती वाढत आलीय. हे वाक्य मी त्याला सांगितलं नाही, तो थकला होता.

८ एप्रिल, मंगळवार

क्लबच्या कचेरीत बैठक. ब्रेनर, फ्राऊ केसलर, क्लबचे डॉक्टर, सत्यजित कुबड्या घेऊन, आणि मी.

फ्राऊ केसलरने आठ आठवड्यांचे तक्ते छापून आणले होते. एक, दोन, एक, दोन, दोन. डॉक्टर म्हणाले, या हाडाला दोनची वेदना असूच शकत नाही. ब्रेनर आज श्वेबिश सोडून शुद्ध जर्मन बोलत होते, एकेक शब्द सुटा. त्यांनी सत्यजितला विचारलं, किती दिवसांपासून दुखत होतं. मी विचारलं. तो म्हणाला, दोन महिने. मी सांगितलं.

मग ब्रेनर माझ्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

सत्यजितने मला विचारलं, "काय म्हणतायत?"

मी म्हटलं, "मला माहीत होतं का, असं विचारतायत."

त्याने माझ्याकडे बघितलं. जेमतेम दोन सेकंद. मग ब्रेनरांकडे बघत मराठीतच म्हणाला, "सांगा त्यास्नी, काकांना कायबी माहीत नव्हतं. मी त्यांना खोटे आकडे सांगितले. मी कुणालाच बोललो न्हाई."

मी ते शब्दशः जर्मनमध्ये सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

फ्राऊ केसलरने कागद गोळा केले. ब्रेनरांनी डोळे चोळले आणि म्हणाले, "आल्झो." म्हणजे, तर मग असं.

परत येताना गाडीत मी त्याला म्हटलं, असं बोलायची गरज नव्हती. तो म्हणाला, "तुमच्या घरचं खाल्लंय काका." मग बॉबलिंगेनपर्यंत तो खिडकीतून बघत होता. मी रेडिओ लावला.

१७ एप्रिल, गुरुवार

पत्र आलं. करार वाढवणार नाहीत. पत्रात फक्त 'खेळाच्या नियोजनाची कारणं' आहेत. फोनवर सचिव स्पष्ट बोलला. दुखापत झालेल्या खेळाडूला क्लब सांभाळतो, दोन वर्षांची सहीसुद्धा झाली असती. पण स्वतःची दुखापत लपवणाऱ्यावर संचालक विसंबू शकत नाहीत.

सत्यजितला मी सांगितलं की दुखापतीमुळे झालं. तो म्हणाला, "असंच हुतंय खेळात."

खेळात असं होतंच. क्लब गरीब, तिसरी लीग, कारण कोणतंही चालतं. आज नाही तर उद्या काढलंच असतं.

कोल्हापूरचा फलक उतरवला की नाही ते विचारायला चुलतभावाला फोन करणार होतो. केला नाही.

२७ एप्रिल, रविवार

सत्यजित जेवायला आला नाही, पाय दुखतोय म्हणाला. ऊर्मिलाने डबा भरला आणि स्वतः बसने जाऊन देऊन आली. मी गाडीने सोडतो म्हटलं तर नको म्हणाली.

परत आल्यावर चपला न काढता खुर्चीवर बसली. म्हणाली, "तो आईशी बोलत होता फोनवर. आईला म्हणत होता, माझंच चुकलं, मी सांगायला पाहिजे होतं. अहो, तो आता तसंच धरून चाललाय. पोरगा स्वतःच्या आईला तुमचं खोटं सांगतोय."

मी म्हटलं, मी त्याला खोटं बोल म्हटलं नव्हतं.

"नाही, तुम्ही फक्त भाषांतर केलंत."

मग ती म्हणाली की तिला या विषयावर आणखी बोलायचं नाही आणि मी काय करणार ते करून झाल्यावर सांगावं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, अशी ती कधी बोलली नव्हती. आतल्या खोलीत जाऊन तिने दार लोटलं. कडी लावली नाही, एवढं मी बघितलं.

मला भीती वाटते. कसली ते नीट सांगता येत नाही. नोकरी नाही की जाईल. कार्ड गेलं तर जाईल. पण ब्रेनर माझ्याकडे बघून काय म्हणतील ते मी आठवडाभर मनात जर्मनमध्ये जुळवतोय आणि प्रत्येक वेळी ते आणखी वाईट होतंय.

२ मे, शुक्रवार

सकाळी दहाला हाल्डेनबाखला गेलो. फोन न करता. ब्रेनर एकटेच होते. मी उभ्यानेच सांगितलं. आकडे त्याने खरे दिले होते, चार, पाच, सहा. मी खाली आणले. फिजिओला दाखवू या असं तो म्हणाला होता, मी नको म्हटलं. मला माहीत नव्हतं हे त्याने माझ्या वयाला मान देऊन सांगितलं, आणि मी ते तसंच पुढे केलं. नव्याण्णवच्या प्रोबेत्साईटचंही सांगायला लागलो, पण मध्येच थांबलो. त्याचा इथे संबंध नव्हता.

ब्रेनरांनी सगळं ऐकून घेतलं. मी जुळवून ठेवलेलं एकही वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. त्यांनी फोन उचलून संचालकांना लावला, दाराकडे पाठ करून बोलले. ठेवल्यावर म्हणाले की डाव्या बाजूला सोमवारीच दुसऱ्याला घेतलंय, सही झालीय. मग म्हणाले, "त्याला घेऊन या. आत्ता."

मी सत्यजितला घेऊन आलो. वाटेत त्याला सांगितलं की मी सगळं सांगून टाकलंय. तो म्हणाला, "कशाला वो काका."

ब्रेनरांनी मला दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसवलं. म्हणाले, "आता मी एकेक वाक्य बोलणार. तुम्ही ते सांगून होईपर्यंत मी पुढचं बोलणार नाही. कमी नाही, जास्त नाही." आणि खरंच, प्रत्येक वाक्यानंतर ते हात टेबलावर ठेवून थांबायचे.

त्यांनी सांगितलं ते असं. तुझ्यावर अन्याय झालाय आणि त्यात माझाही भाग आहे, कारण मी तुला थेट विचारायला हवं होतं. करार आता इथे होणार नाही. पायाचा उपचार विम्यातून पूर्ण होईल, तीस जूननंतरही, तो तुझा हक्क आहे. कार्ल्सरूहेजवळ एका चौथ्या लीगच्या क्लबचा ट्रेनर माझा मित्र आहे, त्याला मी खरं काय घडलं ते लिहिणार आहे. तो घेईलच असं मी म्हणत नाही. तू जर्मन शीक. आजपासून. परत कधी दुसऱ्याच्या तोंडाने बोलू नकोस. तू चेंडू मागत नाहीस, त्याने तुझे निम्मे गोल गेले. कोणी चिडलं की तू खाली बघतोस, ते सोड. आणि तुझ्यासारखा डावा पाय नऊ वर्षांत माझ्याकडे दुसरा आला नाही. पहिल्या मॅचनंतर मी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं की हा पोरगा वरच्या लीगमध्ये खेळणार.

मी सगळं सांगितलं. शेवटची वाक्यं सांगायला मला सर्वात जास्त वेळ लागला. मराठीत कोणाला तोंडावर असं कधी म्हटलं नव्हतं, शब्द शोधावे लागले.

सत्यजितने कुबड्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. त्यातली एक सरकून पडली, कोणी उचलली नाही. तो ब्रेनरांकडे बघत होता, मग माझ्याकडे बघितलं.

"काका," तो म्हणाला, "हे त्यांनी आधीपण बोललं हुतं काय?"

"हो."

"कधी?"

"ऑगस्टमध्ये. सगळ्यांच्या देखत."

ब्रेनरांनी मला विचारलं, तो काय विचारतोय. तेही मी सांगितलं.